पनवेलला उतरल्यावर पुढे काय? : कोकणातली मुलं आणि कॅन्सरचं संशोधन

सुरंगी (धागाकर्ती)

आमच्या गावाकडे "त्याला टाटाला नेलाय" असं कोणी म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. पेशंट म्हणून तिथवरचा रस्ता कोकणातल्या घराघरांत पाठ आहे. रात्रीची एसटी, लालबागकडच्या नातेवाइकांची खोली, पहाटे उठून लावलेला नंबर. पण त्याच संस्थेचं खारघरला ॲक्ट्रेक नावाचं मोठं संशोधन केंद्र आहे आणि आपल्या वाडीतली मुलगी तिथे पांढरा कोट घालून कामाला जाऊ शकते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं.

मी गेली १९ वर्षं नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवायचं काम करते. माहेर मंडणगड तालुक्यातलं. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा वाडीतली एक मुलगी भेटली, तिच्यामुळे हे लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी तिची एका नावाजलेल्या संस्थेत सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी निवड झाली होती. ईमेल आला गुरुवारी, हजर व्हायचं सोमवारी. होस्टेल भरलेलं. बाहेर खोली घ्यायची तर तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर दलाली. वडील हर्णैच्या एका बोटीवर खलाशी, बोट समुद्रात, फोन लागेना. शेजारीपाजारी आईला म्हणाले, एकट्या मुलीला मुंबईत कोणाच्या भरवशावर सोडतेस? सोमवार निघून गेला. मंगळवारी तिने मला फोन केला. तो फोन मला शुक्रवारी यायला हवा होता. पण असा फोन करायचा असतो, केला तर चालतो, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आता ती गावातच शिकवण्या घेते. मला बघून हसली, चहा केला, त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

सहा वर्षांत माझ्या ओळखीने ११ मुलं वेगवेगळ्या लॅबमध्ये आली. जी गळली त्यातलं एकही परीक्षेत गळलं नाही. सगळी अशाच चार-आठ दिवसांच्या फटीत गेली. कोणाचा जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही, कोणाला कुठे राहायचं ते कळलं नाही, कोणी पहिल्या आठवड्यात एकदा ओरडा खाऊन परत गेलं.

डॉ. कमल रणदिवे यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची प्रयोगशाळा, त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी केली, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण त्यांचे वडील पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे कुठे अर्ज करायचा, कोणाला भेटायचं हे सांगणारं माणूस घरातच होतं. पुढे त्यांना त्या सेंटरचे संस्थापक डॉ. खानोलकर यांच्यासारखे गुरू मिळाले. आपल्याकडच्या कुणब्याच्या, कोळ्याच्या, बौद्धवाडीतल्या, मोहल्ल्यातल्या मुलीच्या घरी ते माणूस नसतं. ते आपण व्हायचं, इतकंच माझं म्हणणं आहे.

आणि ही मुलं सोबत काय घेऊन येतात तेही सांगते. पेशी ज्या द्रवात वाढवतो त्याला आम्ही मीडियम म्हणतो. त्यात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. सगळं ठीक असेल तर मीडियम गुलाबी-लाल दिसतं, आत आम्ल वाढलं की पिवळं पडतं. एक मुलगी रुजू होऊन चौथा दिवस. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी इनक्युबेटर उघडून ती मला म्हणाली, "मॅडम, ह्या फ्लास्कातलं आंबट झालंय." बघते तर रात्रीत बॅक्टेरिया शिरलेले. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, आमच्याकडे कोकमाचा डाग साबणाने धुतला की लालाचा निळसर होतो. आंबट गेलं की रंग बदलतो, तर उलटंही होत असणार. माझ्या लॅबमध्ये चांगल्या शहरी कॉलेजांतून आलेली मुलं आहेत, तीही हुशार आहेत, पण हे त्यांच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

तर मला तीन प्रकारची माणसं हवी आहेत. पनवेल, कामोठे, खारघर भागात एखाद्या मुलीला आठ-पंधरा दिवस घरी ठेवू शकतील अशी. गावाकडचे शिक्षक. आणि दर रविवारी एका मुलाला फोन करून "जेवलास का, काम काय चाललंय" विचारणारी. तिसऱ्यांना विज्ञान येत नसलं तरी चालेल.

खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, २०२४ ला ९९.०१ टक्के निकाल होता. पेपरात मथळा येतो, पेढे वाटतात. पुढे बारावीनंतर मुलांना तीनच दारं ठाऊक असतात. नीट, नर्सिंग, फार्मसी. नीटमध्ये नाही जमलं की चांगलं मूल स्वतःला वाया गेलेलं समजायला लागतं. साध्या बीएस्सीला जाणाऱ्याकडे लोक कीव केल्यासारखे बघतात.

मी स्वतः दापोलीच्या कृषी विद्यापीठापलीकडे संशोधन पाहिलेलं नाही. दोन प्रश्न आहेत. बारावीच्या मुलाला नेमकं काय सांगू? आणि शिफारसपत्र कसं लिहायचं? माझ्याकडे मागायला आलेल्या प्रत्येकाला मी "सदर विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू आहे" हाच मजकूर देत आलो आहे.

सुरंगी

सर, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आहे. होतकरू हा शब्द काढून टाका. तुम्ही कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून घेता ना, पेशीविभाजन बघायला? कोणी पहिल्या स्लाइडवर समाधान मानून वहीत पुस्तकातलं चित्र उतरवतं. आणि एखादी मुलगी तास संपला तरी पाचवी स्लाइड करत बसते, गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत. तेच लिहा, जसं घडलं तसं. तुमच्या त्या चार ओळी वाचून आम्ही तिला बोलावू. कॅन्सर म्हणजे तरी काय, थांबायचं कुठे ते विसरलेलं पेशीविभाजनच. तिने ते आधीच पाहिलेलं असतं.

आता काय सांगायचं ते. बीएस्सी रत्नागिरीत करा, चिपळूणला करा, काही बिघडत नाही. पण पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा कार्यक्रम बघून ठेवायचा, तो पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणूनच आहे. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतनही मिळतं. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावा लागतो, एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. ही फेलोशिप शिक्षकांनाही असते. सर, तुम्हीही भरा. तुम्ही दोन महिने लॅबमध्ये राहून आलात तर पुढची वीस वर्षं तुमच्या वर्गात ते बोलणं होईल.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीची देशपातळीवरची परीक्षा. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा, भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला विषय येत असतो, प्रश्न वाचून समजायला वेळ लागतो आणि तीन तास तिथेच जातात. म्हणून एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजीतलं वाचून मराठीत कोणाला तरी समजावून सांगायचं. मी स्वतः असंच केलं.

आणि अकरावीतच जात पडताळणीचा अर्ज करून टाकायला लावा. बार्टी, महाज्योती, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडीच्या फेलोशिप असतात. कागद नसला तर त्या आहेत हे कळूनही काही फायदा नसतो.

कातळ

ताई, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजू मांडतो. माझा धाकटा भाऊ याच वाटेने गेला. संस्थेचं नाव घेत नाही. फेलोशिप मंजूर होती, पण पैसे सलग सात महिने आले नाहीत. कारण काय, तर आधी प्रगती अहवाल, मग सही, मग पोर्टल बंद. त्या सात महिन्यांत वडिलांनी कलमं कराराने दिली. दोन हंगाम आमच्या झाडाचा आंबा आम्ही विकत घेऊन खाल्ला. भाऊ आज पस्तिशीचा आहे आणि तिसऱ्या तात्पुरत्या नेमणुकीवर आहे. त्याच्याबरोबर बारावी झालेला मुलगा आयटीआय करून लोट्याच्या कंपनीत लागला, त्याचं घर झालं.

ज्यांच्या घरात पाठीशी काही नाही त्या मुलांना दहा वर्षांच्या वाटेवर पाठवताना आधी हे सगळं सांगायला हवं. नाहीतर स्वप्न दाखवू नका.

सुरंगी

कातळ, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं हेही खरं आहे. मी यापुढे सांगेन, आई-वडिलांसमोर सांगेन. ज्युनियर फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि सिनियर फेलोला ४२,००० मंजूर आहेत, वर घरभाडं. आकडा ऐकून घरच्यांना वाटतं पगार सुरू झाला. पण तो दर महिन्याच्या एक तारखेला हातात पडेलच असं नाही. भावाच्या त्या सात महिन्यांत त्याच्या बाजूने कोणी लेखा विभागात जाऊन उभं राहिलं होतं का? माझ्या अनुभवात गाईडने स्वतः दोनदा खेटे घातले की फाइल हलते. एकटं मूल गेलं की त्याला "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळतं.

पॅराफिन

पहिल्यांदाच लिहितेय. लांजा तालुक्यातली, बौद्धवाडीतली. बारावीनंतर डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि आता मुंबईत हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा तपासतात त्या विभागात, टेक्निशियन आहे.

संशोधन म्हटलं की सगळे पीएचडीच धरून चालतात. पेशंटचा काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मेलिनमध्ये येतो. त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवायचा, थंड करायचा आणि मायक्रोटोमवर कापायचा. एक काप चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले चार. हात बरोबर असेल तर काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत कुंचल्याच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती न पडता पसरली की खालून काच घालून अलगद उचलायची. मला ते जमायला आठ महिने लागले. आई लाटलेला तांदळाचा पापड उचलायची तसा हात लागतो. या कापांवर निदान होतं आणि याच कापांवर उद्याचे शोधनिबंध उभे राहतात. सुरकुती पडली तर मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही काही दिसत नाही.

आणखी एक. मुंबईत काही वर्षांपूर्वी दीड लाख बायकांवर टाटाने मोठा अभ्यास केला. गर्भाशयमुखावर व्हिनेगर लावून बघायची साधी तपासणी, दर दोन वर्षांनी. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी कोणी केली? दहावी शिकलेल्या आणि त्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या बायकांनी. त्या संशोधनातच होत्या ना? कॅन्सरच्या नोंदणीचं काम आहे, चाचण्यांच्या माहितीची व्यवस्था बघणारे लोक लागतात, रेडिएशनसाठी मेडिकल फिजिक्स आहे. कातळ यांनी सांगितलेली दहा वर्षं प्रत्येकाला नाही लागत.

सुरंगीताई, तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली. मी लागले त्या आठवड्यात एकाने विचारलं, "कोकणातल्या का? वा! आंबे आणा. कोणत्या गावच्या? वरच्या वाडीच्या की खालच्या?" वाडी कशासाठी विचारतात ते आम्हाला कळतं. उत्तर दिल्यावर दोन दिवस बोलणं कमी झालं. मी टिकले, कारण आमच्या सीनियर बाईंनी तेव्हा सगळ्यांसमोर मला शेजारी बसवून स्वतःच्या डब्यातलं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी कापायला अवघड ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, माझ्याकडे दिला. कोणाला भाषण दिलं नाही. मुलांना पाठवाल तिथे अशी एक तरी बाई आहे का, हे आधी बघा.

सुरंगी

पॅराफिन, हे मी दोनदा वाचलं. यादीत घालते, सगळ्यांत वर.

कुडाळचो

माझ्या आवशीक मशेरी लावची सवय होती. तोंडात पांढरो चट्टो इलो, आमी उष्णता म्हणान सोडून दिलाव. परळाक नेलाव तेव्हा उशीर झाल्लो. आता माझा चेडू बारावीक आसा. म्हणता, माका ह्याच रोगार काम करूचा आसा. घरातले म्हणतत, ज्या घरात ह्यो रोग इलो तेनी परत तेचा नाव कित्याक घेवचा? माका काय सांगूचा ता कळना नाय.

सुरंगी

दादा, तिला करू द्या. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तो पांढरा चट्टा ही कॅन्सरच्या आधीची खूण असू शकते. बॅटरी घेऊन तोंडात बघायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या आईच्या वेळी ती दोन मिनिटं कोणी दिली नाहीत, हे तुमची मुलगी विसरणार नाही.

फक्त एक बघा. दुःखातून आलेली मुलं लॅबमध्ये पहिल्या वर्षी फार घाई करतात. पेशी नीट वाढल्या नाहीत की यांना वाटतं आपण आजीला पुन्हा गमावलं. तिला आत्ताच एक छोटं काम द्या. वाडीतल्या किती बायका मशेरी लावतात, कधीपासून, सोडायचा प्रयत्न केला का, का जमलं नाही, एवढं विचारून वहीत लिहू दे. कोणाचं नाव लिहायचं नाही आणि "नको" म्हणणाऱ्या बाईला पुन्हा विचारायचं नाही. संशोधनाचे हे दोन नियम ती सोळाव्या-सतराव्या वर्षीच शिकेल. वही मला दाखवायला सांगा.

भट्टीवाट

रायगडात कातकरी वाड्यांवर काम करतो. तुमची सगळी चर्चा बारावीपासून सुरू होते. आमच्याकडे दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. आई-बाप वीटभट्टीवर, पोरं त्यांच्याबरोबर, परत येणार पावसाच्या तोंडावर. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात आहेत त्यात कातकरी आहेत. इथे सातवीतच हात धरला नाही तर बारावी येतच नाही.

गेल्या वर्षी आश्रमशाळेत एक तास घेतला. अंगणात सदाफुली होती. विचारलं, हिची पानं शेळी खाते? सगळी एकदम ओरडली, नाय खात, कडू! मग सांगितलं की याच झाडातून व्हिन्क्रिस्टीन निघतं, रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान पोरांना ते देतात. पेशी दुभंगते तेव्हा आत बारीक दोर वळले जातात, ते दोर हे औषध वळूच देत नाही. मागे बसलेला एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, उठून म्हणाला, "मंग चांगल्या पेशीचा दोर कसा वळंल?" केस का गळतात, तोंड का येतं, त्या सगळ्याचं मूळ त्याने एका प्रश्नात धरलं. सह्याद्रीतल्या नरक्याबद्दलही सांगितलं. त्या झाडातून कॅम्प्टोथेसिन मिळतं आणि त्यावरून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली. चोरट्या तोडीने ती झाडं किती कमी झाली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तो मुलगा नोव्हेंबरात भट्टीवर गेला. त्याच्यासाठी मला खारघर नको. भट्टीच्या मालकाशी बोलून त्याला जवळच्या शाळेत बसवणारा माणूस हवा.

खाडीकाठ

भट्टी कुठे आहे? आमच्या शिक्षक संघटनेतले लोक त्या पट्ट्यात आहेत. मला व्यक्तिगत संदेश करा, आजच बोलतो.

रतांबा

मी ती कोकमाची मुलगी. मॅडमनी धागा पाठवला म्हणून खातं उघडलं.

मॅडमना माहीत नाही ते सांगते. फ्लास्क पिवळा दिसला तेव्हा नऊ वाजले होते. मी बोलले साडेदहाला. दीड तास मी पिपेट धुतल्यासारखं करत होते. मला वाटलं, ह्यांना वाटेल मीच बिघडवलं, गावची मुलगी, हात स्वच्छ नसतील. शेवटी बोलले, कारण आदल्या रविवारी मॅडमच्या ओळखीच्या एक आजी फोनवर म्हणाल्या होत्या, "काही बिघडलं तर पहिलं सांगून टाक गो, लपवलं की वाढतं." त्या शिवणकाम करायच्या, त्यांना पेशी वगैरे काही माहीत नाही. दोन वर्षं दर रविवारी त्यांचा फोन येतो.

आता मी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर फेलो आहे. कातळदादा, माझेही एकदा तीन महिने पैसे अडकले होते. मॅडमनी तेव्हा उसने दिले, मी फेडले. पण प्रत्येकाच्या मॅडमला ते परवडेल असं नाही.

कातळ

मग तेच आधी ठरवा. पैसे अडकले तर पहिल्या तीन महिन्यांचं भाडं कोण देणार, किती आणि परत कसं करायचं, हे कागदावर आणा. तसा कागद आला तर मी दरमहा दोन हजार घालीन. भावालाही विचारतो, तो रविवारचे फोन करू शकेल. त्याला माहीत आहे कुठे काय अडतं.

सुरंगी

रतांबा, दीड तास! मला खरंच माहीत नव्हतं. उद्या लॅबमध्ये सगळ्यांशी बोलते.

कातळ, कागद या आठवड्यात करते. मसुदा इथेच टाकेन, तुम्ही आणि पॅराफिनने आधी वाचायचा. भावाला नक्की विचारा.

खाडीकाठ सर, तुमची ती पाच स्लाइडवाली मुलगी खरीच आहे का? मी उदाहरण म्हणून लिहिलं होतं.

खाडीकाठ

आहे. सध्या तृतीय वर्षाला आहे. काल पत्र नव्याने लिहिलं, दीड पान झालं. तिची निवड झाली आहे, एका महिन्यासाठी. येत्या रविवारी रात्री निघून सोमवारी पहाटे पनवेलला उतरेल. बरोबर आई आहे, आई त्याच दिवशी परत फिरणार. राहायची सोय अजून नाही.

पॅराफिन

मी कामोठ्याला राहते. महिनाभर माझ्याकडे राहू दे, खोली लहान आहे पण दोघींना पुरेल. आईलाही घरी येऊन अंघोळ-जेवण करूनच जाऊ दे. सर, गाडी आणि डबा नंबर कळवा, मी फलाटावर थांबते.